‘फ्रान्सला गेल्याशिवाय वरच्या पातळीचं फ्रेंच येत नाही’ : हे मला मान्य नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्यातले तिघे नाशिकचेच पालक आहेत. मजकूर थोडक्यात असा : ‘ऑनलाइन फ्रेंच बी२ पर्यंत ठीक. त्यापुढचं वाचन-लेखन फ्रान्समध्ये राहिल्याशिवाय येत नाही. तोवर फक्त शब्द पाठ करा. आणि हल्ली मशीन सगळं दुरुस्त करून देतं, मग लिहायला शिकायचं कशाला?’ मी गंगापूर रोडवरच्या माझ्या घरातून गेली नऊ वर्षं फ्रेंच शिकवते, तेही बहुतेक ऑनलाइनच. भाषेच्या युरोपीय पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा, त्यांतली बी२ चौथी आणि सी१ पाचवी. माझं स्वतःचं सी१ पातळीचं वाचन-लेखनही याच घरात झालं. हा मजकूर वाचून एका मुलीने बी२ नंतर अभ्यास थांबवला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी फ्रान्समध्ये राहण्याबद्दल. बोलण्यापुरतं यात तथ्य आहे. बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्यांशी रोज बोललं की जीभ सुटते. लेखनाचं मात्र तसं होत नाही, कारण फ्रेंचमध्ये लिहिताना कान फसवतो. ‘बोलणे’ हे मूळ क्रियापद, ‘बोललेला’ आणि ‘तुम्ही बोलता’ या तिन्ही रूपांचा उच्चार एकच, ‘पार्ले’. लिहिताना मात्र पहिल्याच्या शेवटी ई-आर, दुसऱ्याच्या शेवटी तिरकी खूण असलेला ई आणि तिसऱ्याच्या शेवटी ई-झेड. पॅरिसमध्ये दहा वर्षं काढली तरी हा फरक ऐकू येणार नाही, कारण तो आवाजात नाहीच. म्हणून तर फ्रेंच मुलांना शाळेत वर्षानुवर्षं ‘दिक्ते’ घालतात, आपल्याकडे बाई शुद्धलेखन घालायच्या तसं. फ्रेंच टीव्हीवर पुस्तकांचे कार्यक्रम करणारे बेर्नार पिवो यांनी १९८५ साली शुद्धलेखनाच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या वीस वर्षं चालल्या आणि मोठी माणसंसुद्धा त्यांत पेन घेऊन बसायची. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही लेखन बसून शिकावं लागतं. मग ते नाशिकमध्ये बसून का शिकता येऊ नये? ‘पासे सँप्ल’ हा भूतकाळ तर आज जवळजवळ फक्त छापील पानांत जगतो. तो कॅफेत कानावर पडायचा नाही, पुस्तकातच भेटेल.

आणि पुस्तकं आता कुठे नाहीत? आपल्या सार्वजनिक वाचनालयाला १८४० पासूनची परंपरा आहे. या गावाला वाचनाचं महत्त्व मी नव्याने सांगायला नको. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गालिका’ हे डिजिटल भांडार घरबसल्या फुकट उघडतं, त्यात जुनी वर्तमानपत्रंही आहेत. ‘त्रेझॉर द ला लांग फ्रांसेझ’ हा थोर कोशही ऑनलाइन फुकट आहे. मी शिकत होते तेव्हा झेरॉक्सच्या झेरॉक्स वाचायचे. त्या दिवसांची आठवण आली की आजच्या मुलांचा मला मनापासून आनंद वाटतो.

शब्द पाठ करण्याबद्दल फार लिहित नाही, दोन उदाहरणं पुरतील. पिंपळगावची माझी एक विद्यार्थिनी आहे. घरी द्राक्षबाग, त्यामुळे तिला फ्रेंच शेतीविषयक लेख वाचायचे असतात. तिने एका लेखातल्या ‘रेझँ’चा अर्थ इंग्रजीवरून ‘बेदाणा’ असा लावला आणि अख्खा परिच्छेद उलटापालटा झाला. फ्रेंचमध्ये ‘रेझँ’ म्हणजे ताजं द्राक्ष. बेदाणा म्हणजे ‘रेझँ सेक’, वाळलेलं द्राक्ष. दुसरं उदाहरण याहून महत्त्वाचं. बातमीत ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’ असं आलं, तर यातला एकेक शब्द पाठ असूनही मुलं ‘मंत्र्याने राजीनामा दिला असता’ असा अर्थ लावतात. खरा अर्थ आहे, ‘मंत्र्याने म्हणे राजीनामा दिला.’ बातमीची अजून खात्री झालेली नाही, हे फ्रेंच पत्रकार क्रियापदाच्या रूपातूनच सांगतो. आपल्या ‘म्हणे’ने ते एका क्षणात कळतं, इंग्रजीच्या वाटेने गेलं तर हुकतं. मी मुलांना मराठीतून विचार करायला लावते तो यासाठीच.

आता मशीन. सी१ च्या परीक्षेत लेखनाच्या भागाला अडीच तास असतात. त्यात दोन-तीन लेख वाचून त्यांची सुमारे २२० शब्दांची ‘सँतेज’ लिहायची आणि मग सुमारे २५० शब्दांचा वादनिबंध. सँतेज म्हणजे शाळेतलं सारांशलेखन नव्हे. लेख एकामागून एक आटवायचे नाहीत, त्यांतले मुद्दे एकत्र गुंफायचे. स्वतःचं मत घालायचं नाही, मूळ वाक्यं उचलायची नाहीत. हे काम परीक्षेच्या खोलीत स्वतःच्या डोक्यानेच करावं लागतं. घरी मशीनकडून वाक्य गुळगुळीत करून घेतलं, तर चूक नाहीशी होते आणि चूक करणाऱ्याला ती दिसतही नाही.

म्हणून मी मुलांची चूक दुरुस्त करतच नाही. मुलं हाताने लिहितात आणि पानाचा फोटो पाठवतात. मी समासात फक्त खुणा करते : ‘का’ म्हणजे काळ चुकला, ‘लिं’ म्हणजे लिंग, ‘जो’ म्हणजे वाक्यं जोडणारा शब्द. दुरुस्ती त्यांनी शोधायची आणि तेच पान पुन्हा लिहायचं, लागलं तर तिसऱ्यांदा. पिंपळगावच्या या मुलीच्या पहिल्या पानावर नऊ ‘जो’ होते. प्रत्येक वाक्य ती ‘मे’ने, म्हणजे ‘पण’ने, सुरू करायची. तिसऱ्या पानावर तिने स्वतःहून ‘ऑर’ वापरला. आधीच्या विधानाला छेद देणारी नवी वस्तुस्थिती पुढे ठेवताना फ्रेंच माणूस हा शब्द वापरतो. तो मी तिला सांगितला नव्हता, तिने वाचताना टिपून ठेवला होता. ऑक्टोबरच्या छाटणीच्या धांदलीत, रात्री साडेनऊला, तिने ते पान पाठवलं.

परीक्षा द्यायला पुण्याला आलियाँस फ्रांसेझमध्ये जावं लागेल, हे खरं. तेवढा प्रवास ती करणार आहे.