माया लोक ‘गायब’ झालेच नाहीत

मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतल्या माया या मूळनिवासी लोकांबद्दल पुन्हा फिरू लागलेला मजकूर असा: ‘माया लोक इ.स. 900च्या सुमारास एकाएकी गायब झाले, ते कुठे गेले हे आजही गूढ आहे आणि खरा माया आज जगात कुणी उरलेला नाही.’ यातलं एकही विधान खरं नाही. तिसरं तर जिवंत माणसांवर अन्याय करणारं आहे.

‘एकाएकी’ म्हणावं, तर शिलालेखांवरच्या तारखा तसं सांगत नाहीत. कोपान या माया शहरातली शेवटची तारीख 822ची, तीही अर्धवट सोडलेल्या कोरीवकामावर. तिकाल शहरातली 869ची, तोनिनातली 909ची. माया प्रदेशाच्या दक्षिणेकडच्या सखल जंगलपट्ट्यातली राजघराणी अशी शंभरेक वर्षांत एकेक करून संपली. युद्धं होतीच, त्यात वारंवार दुष्काळ पडले. तिकालला नदी नाही. साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर कोरडे महिने काढणाऱ्या अशा शहरात लागोपाठ काही पावसाळे हुकले की तलाव आटतात, पीक जातं आणि पाऊस आणण्याचा दावा करणाऱ्या राजाची पतही जाते.

कुठे गेले? पुष्कळ मेले. बाकीचे तलावाकाठी, किनाऱ्याकडे, उत्तरेकडे सरकले. त्याच सुमारास उत्तरेत चिचेन इत्झा हे माया शहर भरभराटीला आलं, पुढे मायापान शहर पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. इत्झा या माया समाजाची बेटावरची राजधानी नोहपेतेन तर स्पॅनिशांच्या हाती पडली 13 मार्च 1697 रोजी. इकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते.

आणि ‘कुणी उरलेला नाही’? ग्वातेमालाच्या 2018च्या जनगणनेत 41.7 टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे 62 लाखांनी, स्वतःला माया म्हणून नोंदवलं. किचे, केक्ची, माम, कक्चिकेल अशा 22 माया भाषा त्या एका देशात बोलल्या जातात. त्याच देशातल्या शिंका या मूळनिवासी समाजाचे (हे माया नव्हेत) जनगणनेतले आकडेही बघा: 2002मध्ये सुमारे 16 हजार, 2018मध्ये 2 लाख 64 हजार. जन्मदराने सोळा वर्षांत सोळापट वाढ होत नाही. आधी लपवलेली किंवा विचारलीच न गेलेली ओळख लोक आता उघडपणे सांगू लागले, असाच याचा अर्थ लागतो.

नंतरच्या काळातल्या स्थलांतराची कारणंही गूढ नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉफीच्या मळ्यांनी ग्वातेमालाच्या आल्ता वेरापास भागातल्या केक्ची मायांच्या जमिनी गिळल्या, वर वेठबिगारी लादली, तेव्हा ते उत्तरेच्या पेतेन भागात आणि शेजारच्या बेलिझ देशाच्या दक्षिणेकडे गेले. बेलिझच्या तोलेदो जिल्ह्यातल्या माया गावांचा पारंपरिक जमीनहक्क 2015मध्ये कॅरिबियन न्यायालयाने कायम केला. ग्वातेमालातल्या 1960 ते 1996च्या यादवीत दोन लाखांहून अधिक लोक मेले वा बेपत्ता झाले. सत्यशोधन आयोगाच्या 1999च्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. जवळपास 46 हजार निर्वासितांची मेक्सिकोत नोंद झाली. नोंदीबाहेरचे कितीतरी कांजोबाल माया थेट अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या इंडियनटाउनपर्यंत पोचले.

ही ओळख न दिसल्याचा फटका आजही बसतो: अमेरिकेत आश्रय मागणारी माम बोलणारी माया बाई कागदावर अनेकदा ‘ग्वातेमालन, भाषा स्पॅनिश’ ठरते. मग स्पॅनिश दुभाषा येतो, तिला अर्धंमुर्धं कळतं, तारखा आणि नात्यांचे तपशील जुळत नाहीत आणि खरी हकिकत खोटी ठरण्याची वेळ येते. म्हणून पहिल्याच मुलाखतीत तिची भाषा आणि बोली नेमकी विचारून नोंदवावी लागते आणि त्याच बोलीचा दुभाषा मागावा लागतो.