देऊळ नवं करताय? आधी कौलं उतरवा

आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीची पहिली सभा पाळकसाहेब (पाद्री) रजेवर असताना घ्या. म्हणजे उपासनेचा विषय निघत नाही, थेट टाइल्सवर येता येतं.

सुरुवात छपरापासून. मंगलोरी कौलं उतरवाच. 1865 साली बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अख्खं कोकण त्या कौलांनी शाकारलं. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरच्या मुलखातल्या माणसांची ही एवढी एकच गोष्ट इथे सगळ्या जातीधर्मांच्या डोक्यावर चढली. ती आपल्याच देवळावर ठेवणं काही बरं दिसत नाही. निळा पत्रा घाला. जूनची पहिली सर आली की उपदेशात पाळकसाहेबांचे नुसते ओठ हलताना दिसतात. (उपदेश पन्नास मिनिटांचा असेल, तर हे कमिटीचं पुण्यकर्म समजावं.)

जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करा. आत ओल कोंडून पोपडे सुटले, की पुन्हा वर्गणी.

आता आतली मांडणी. जर्मनीतल्या टोर्गाऊच्या किल्ल्यातलं प्रार्थनामंदिर लूथरने 1544 साली अर्पण केलं. तिथे उपदेशाचं व्यासपीठ लांब भिंतीच्या मधोमध आहे आणि वेदी म्हणजे साधा मेज. इथे प्रभूने वचनातून बोलावं, आपण प्रार्थनेने नि स्तुतीने उत्तर द्यावं, दुसरं काही होऊ नये, असं त्याचं म्हणणं. बिचाऱ्याकडे साउंड सिस्टीम नव्हती! तुम्ही व्यासपीठ कोपऱ्यात सारा, प्रभुभोजनाचा मेज भिंतीला लावा. कीबोर्डला जागा नको? बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बाहेर काढून त्यात अनंत लावा. फोटोत छान येतो.

देणगीदारांची नावं पंख्याच्या पात्यांवर रंगवा. आमच्याकडे रंगवली. पंखा फिरला की नाव दिसत नाही, अशी तक्रार आली. तेव्हापासून मे महिन्यात मुंबईकर देणगीदार उपासनेला आले, की त्यांचा पंखा बंद असतो. खाली बसलेली म्हातारी उपासनेच्या कागदाने वारा घेते. तिच्या नावाचा पंखा नाही, त्यामुळे तिचं मत विचारात घेतलेलं नाही.

मोठ्या देणगीदारांसाठी ग्रॅनाइटचा फलक, सोनेरी अक्षरं. अनावरण 31 ऑक्टोबरला, धर्मसुधारणा दिनीच करा. 1517 साली त्याच तारखेला लूथरने पैसे मोजून मिळणाऱ्या माफीपत्रांविरुद्ध 95 मुद्दे मांडले होते, एवढं मात्र त्या दिवशीच्या भाषणात नको. पाच हजारांच्या आतल्यांना तळाशी ‘व इतर’ पुरे. कोणी रुसलंच, तर मागच्या बाजूचे दोन पंखे अजून कोरे आहेत.