आधी पोथी, मग पंगत

मित्रांनी जेवायला जमून ग्रीक कवी होमरचं ‘ओडिसी’ हे महाकाव्य मोठ्यानं वाचायचं, ही कल्पना एका लेखात वाचली आणि आवडली. ग्रंथाला धरूनच आहे म्हणा. आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस राजाच्या मेजवानीतच गातो. पण तोंडात घास असताना वाचणार कोण?

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात ज्ञानेश्वरी पारायणाला आधी वाचन, मग पंगत. व्यासपीठ चालक सुरुवात करून देतात, बाकीचे एका सुरात. नवखा अडखळला तरी शेजारचे सांभाळून नेतात, म्हणून तर नऊ हजार ओव्या सप्ताहात पार पडतात. अठरावा अध्याय सगळ्यांत मोठा, तेव्हा पोटात कावळे ओरडतात हे खरं! समाप्तीला आमटी-भात आणि गव्हाची खीर. पंगतीत कन्नड बोलणारे शेजारीही असतात, वाढायलाही तेच पुढे. त्यांच्याकडे कन्नड कवी कुमारव्यासाचं महाभारत गमक पद्धतीनं वाचतात. एक गातो, दुसरा अर्थ सांगतो. होमरला मला हीच रीत जास्त सोयीची वाटते.

आणि पुढे कुणी होमरचंच ‘इलियड’ घेणार असाल, तर दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी कृपया जेवणाआधीच उरकून घ्या.