महोगनी नाही तर गिटारच नाही?

माझ्या भाचीने पैसे साठवून एक मध्यम किमतीची इलेक्ट्रिक गिटार हेरून ठेवली होती. तिला तारांची थरथर टिपणारे तीन पिकअप: दोन एका वेटोळ्याचे (सिंगल कॉइल), आणि तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजपाशी एक दोन वेटोळ्यांचा (हमबकर). शिवाय त्यातून निवड करायला पाच जागांचा स्विच. काल तिचा रडवेला फोन: "मामा, नको ना घ्यायला?" ‘स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेण्याआधी हे पाच मुद्दे वाचाच’ हा सगळीकडे फिरणारा मजकूर तिच्यापर्यंत पोहोचला होता. मलाही तो आधी दोघांनी पाठवला होता, तेव्हा सोडून दिलं होतं.

पहिला मुद्दा: ‘बॉडी महोगनीची नसेल तर ते खेळणं.’ अहो, पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उमटते आणि ती आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पकडे जाते. पिकअप काही लाकडाला कान लावून बसत नाही. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या चार बाय चार इंची ठोकळ्यावर नेक (गिटारची लांब मान), तारा आणि पिकअप चढवले. वाजायचं छान, पण ऐकणाऱ्यांना ती गिटारच वाटेना. मग त्यांनी एका एपिफोन गिटारचे दोन अर्धे भाग ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना जोडले, आणि लोक खूश! म्हणजे तेव्हाही लोक डोळ्यांनीच ऐकत होते. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली ती अ‍ॅश लाकडाची, पुढे अल्डरची. तीही खेळणंच का? लाकडाने वजन बदलतं, हातातला अनुभव बदलतो, हे कबूल. पण पैसे टाकताना पहिला प्रश्न लाकडाचा नव्हे.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र डोकं फिरलं. ‘तारा उंच असू द्या, बोटं सोलली की हात तयार होतो.’ सुरुवातीचे काही आठवडे बोटं दुखतातच, ते ठीक. पण तार फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, जितकी उंच, तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मुलगी बिचारी बरोबर कॉर्ड धरते, ऐकू येतं बेसूर, आणि ती समजते आपल्यालाच कान नाही. किती जणांनी अशाने गिटार कोपऱ्यात ठेवली असेल! बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण दीड ते दोन मिलिमीटर जागा पुरे. त्याच फ्रेटवर आधी तारेला बोट नुसतं टेकवून (हार्मोनिक) वाजवा, मग तार दाबून वाजवा. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर दोन्ही जुळले पाहिजेत. ब्रिजवर तार ज्या तुकड्यावर टेकते त्या सॅडलच्या स्क्रूने हे जुळवता येतं. नेकच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचली, तर ती गिटार ठेवून दुसरी मागा. स्वस्त गिटारमध्ये खरी काटकसर इथे होते, शिवाय खुंट्यांत आणि स्विचमध्ये.

तिसरा: ‘सगळं वाजवणारी गिटार काहीच धड वाजवत नाही.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. सिंगल कॉइलचा आवाज काढायला हमबकरची एक कॉइल बंद केली की आवाज पातळ होतो, थोडा लहानही होतो. अस्सल सिंगल कॉइलची सर त्याला नाही. वर विजेची गुणगुणही परत येते, कारण ती घालवायलाच तर दोन उलट कॉइल जोडलेल्या असतात. पण जिला अजून ब्लूज आवडेल की मेटल हेच ठाऊक नाही, तिने एकाच आवाजाला का बांधून घ्यावं?

‘आधी दोन वर्षं अकूस्टिक वाजवा’ आणि ‘जितके जास्त पिकअप तितकी चांगली’ हे उरलेले दोन. पहिल्याला कारणच दिलेलं नाही. दुसऱ्याला तीन पिकअपची, पण फुटक्या नेकची गिटार दाखवली की झालं.

भाचीला सांगितलंय, ट्यूनर घेऊन जा, गिटार आधी अ‍ॅम्पशिवाय वाजव, मग क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजात. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, सगळे दोष लपतात. आणि थोडे पैसे अ‍ॅम्पसाठी राखून ठेव. पाच मुद्द्यांच्या त्या मजकुरात अ‍ॅम्पचा उल्लेख एकदाही नाही.