चिनी चहा माणसं करतात, आणि हातांनी करतात

‘चीनचा गुप्त चहा, सोन्याहून महाग’ हा फॉरवर्ड गेल्या महिन्याभरात मला तीन ग्रुपवर आला. तिन्ही वेळा सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या मावशीने पाठवला. त्यावर विश्वास ठेवून तिने मधुमेहाची संध्याकाळची गोळी बंद केली होती, हेही त्याच दिवशी कळलं. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: अस्सल चिनी चहाची पानं कुमारिका ओठांनी खुडतात, कड्यावरची पानं माकडं काढतात, दा होंग पाओ हा चहा सोन्याहून महाग असतो आणि पुअर चहाने मधुमेह मुळापासून जातो. शेवटी खरेदीची लिंक.

आधी गोळीचं. पुअर हा युन्नान प्रांतातला चहा. त्याचा ‘पिकवलेला’ प्रकार करताना पानांचे ढीग ओले करून काही आठवडे मुरवतात. ही पद्धत 1973 च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसली. चहा म्हणून तो उत्तम आहे, पण औषध नाही. बिनसाखरेचा चहा प्यायला तर तेवढी साखर पोटात जात नाही, एवढं मान्य. कुठलाही बिनसाखरेचा चहा तेवढंच करेल. मावशीची उपाशीपोटीची साखर दहा दिवसांत 260 वर गेली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. कुणाचीही.

आता ओठांचं. माझा सगळ्यात जास्त संताप या मुद्द्यावर आहे. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. 2011 मध्ये हेनान प्रांतातल्या गुशी भागातल्या एका मळ्याने खरोखरच अशी जाहिरात दिली होती: ओठांनी पानं खुडायला कुमारिका हव्यात. वक्षाचं मापही त्यात होतं. चीनमध्येच त्यावर टीकेची झोड उठली. एका मळ्याची ती गलिच्छ जाहिरात आमच्याकडे ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ होऊन पोचली!

परंपरा काय आहे ते युनेस्कोच्या नोंदीत वाचा. चहा तयार करण्याची चिनी कौशल्यं आणि त्याभोवतीच्या चालीरीती 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अमूर्त वारशाच्या यादीत आल्या. चहाचे सहा वर्ग, दोन हजारांहून जास्त प्रकार. पानं सुकत घालणं, कढईत भाजून पानांचं काळवंडणं थांबवणं, हलवून कडा जखमी करणं, ढीग लावून मुरवणं, फुलांचा वास देणं, अशी एकेक क्रिया तिथे नोंदली आहे. हे ज्ञान घराघरांतून आणि उस्तादाच्या हाताखाली शिकून पुढे जातं, असंही म्हटलंय. ओठांचा उल्लेख कुठेही नाही.

हांगझौ शहराजवळच्या लोंगजिंग चहाच्या मळ्यांत छिंगमिंगच्या सणाआधी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, खुडणी गाठावी लागते. तिथे खुडायला येणाऱ्या बायकांत पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुष्कळ असतात. आन्ह्वे, ज्यांगशी अशा शेजारच्या प्रांतांतून त्या हंगामापुरत्या येतात. कळी आणि एक-दोन पानं चिमटीत धरून वर उचलायची. नख लावायचं नाही, कारण नखाचा काप काळा पडतो. चिकाने बोटांची टोकं तपकिरी होतात. एक किलो सुका चहा व्हायला चार-पाच किलो ओली पानं लागतात, म्हणजे हजारो वेळा हीच चिमूट. मग भाजणारा तापलेल्या लोखंडी कढईत उघडा तळहात घालून पानं दाबतो, पसरतो, पुन्हा दाबतो. त्या हातांना घट्टे असतात. हे सगळे हात पुसून टाकायचे आणि तिथे कोवळ्या मुलीचे ओठ चिकटवायचे, हा त्या माणसांचा अपमान आहे. हा फॉरवर्ड माझ्या तेरा वर्षांच्या भाचीनेही वाचला.

माकडांबद्दल थोडक्यात. ‘माकडांनी खुडलेला’ हे फूजियान प्रांतातल्या तिएग्वानयिन चहाच्या चांगल्या मालाला दुकानदार लावतात ते नाव. खुडतात माणसंच. फूजियानमधल्याच वूयी पर्वताच्या घळींतून ओल्या पानांचं ओझं खांद्यावरच्या कावडीने खाली आणणारे गडीही माणसंच.

राहिला दा होंग पाओ. इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. वूयी पर्वतातल्या कड्यावर त्याची सहा मूळ झुडपं आहेत आणि त्यांचा 20 ग्रॅम चहा 2005 साली लिलावात 2,08,000 युआनला गेला होता. ग्रॅमला दहा हजार युआनच्या वर. सोनं त्यापुढे खरंच स्वस्त. पण ही किंमत त्या सहा झुडपांची. बाजारात मिळतो तो त्यांच्या कलमांपासून वाढवलेला किंवा वूयीच्याच इतर पानांचं मिश्रण करून बनवलेला दा होंग पाओ. त्यातही चांगला असतोच, त्यामागे रात्रभर जागणारे आणि कोळशावर भाजणारे कारागीर असतात. मूळ झुडपांची शेवटची तोडणी मात्र 2005 च्या मे महिन्यात झाली, 2006 पासून ती बंद आहे. त्या तोडणीतला 20 ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय.

आणि फॉरवर्डखालची लिंक ‘मूळ झाडाचा दा होंग पाओ’ 100 ग्रॅम 999 रुपयांत घरपोच देते. मावशीने दोन पाकिटं मागवली होती. काल तिच्याजवळ बसून ऑर्डर रद्द केली. गोळी पुन्हा सुरू आहे.