हसू कसलं येतंय?

आत्ताच घरी आलेय, साडेदहा वाजलेत, जेवलेही नाहीये, पण हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही. प्रभात रोडच्या एका गल्लीत मित्राने त्याच्या हॉलमध्ये 'सनसेट बुलेव्हार्ड' लावला होता. १९५०चा, बिली वाइल्डरचा. पंचवीसेक जण होते, त्यात बरीचशी कॉलेजची पोरं. आणि शेवटी ती नॉर्मा डेझमंड जिन्यावरून खाली यायला लागली, डोळे मोठ्ठे, बोटं हवेत वाकडी, तर मागे खिदळायला सुरुवात! एक जण चक्क म्हणाला, "काय ओव्हरॲक्टिंग आहे यार."

अरे बाबा, ती मूकपटातली नटी आहे, आता सगळे विसरलेली! जे काय सांगायचं ते डोळ्यांनी आणि हातांनीच सांगायचं अशी सवय लागलेली बाई. आणि करणारी ग्लोरिया स्वॉन्सन, जी स्वतःच मूकपटांची खरीखुरी स्टार होती. एवढं तरी माहीत करून घ्या ना यायच्या आधी, मोबाइल असतोच की हातात चोवीस तास. (त्यातल्याच एकाने नंतर सतरंज्या घडी करायला मदत केली, गोड होता पोरगा, पण राग आहेच.)

खरं सांगू का, राग त्यांच्यापेक्षा माझाच जास्त आलाय. असंच हसू मी अकरा वर्षांची असताना हसलेय.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. अख्खा वाडा त्यांना मावशीच म्हणायचा. तरुणपणी त्या प्रभातमध्ये होत्या, म्हणजे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तिथेच. घोळक्यातल्या बायकांमध्ये उभं राहायचं काम. शनिवारी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा, आणि त्यांचा एखादा असला की दुपारपासून अंबाडा, पावडर, घडीची साडी, आणि मग आमच्याकडे टीव्हीसमोर येऊन बसायच्या. एकदा अशाच "आता येते बघा मी, घागर घेऊन, आता... आता..." करत पुढे पुढे सरकत होत्या आणि तो सीन आलाच नाही. कापला असणार, दुसरंच काहीतरी सुरू झालं. आम्ही पोरं जी फिदीफिदी हसलो! मावशी काही बोलल्या नाहीत, पदर सावरला आणि खाली गेल्या.

तर सिनेमा. पंच्याहत्तर वर्षांनी त्यात काय उरलंय असं विचारणाऱ्यांना मला हाताला धरून बसवावंसं वाटतं. पोहण्याच्या तलावात मरून पडलेला माणूस, जो गिलिस, गोष्ट सांगतोय, १९५० साली! पत्ते खेळायला बसलेल्या जुन्या मंडळींत मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन आहे, खराखुरा बस्टर कीटन, आणि त्याच्या तोंडी शब्द काय तर "पास". नॉर्माचा नोकर मॅक्स हा तिचा पहिला दिग्दर्शक आणि पहिला नवरा, आणि ते काम करणाऱ्या स्ट्रोहाइमने स्वॉन्सनला खरंच दिग्दर्शित केलेलं, तो सिनेमा अर्धवट राहिलेला आणि नॉर्मा घरात स्वतःचा म्हणून जो सिनेमा बघते तो त्याचाच तुकडा. आपण कुठे तोंड लपवायचं सांगा.

पन्नाशीच्या बाईला पार भुताटकी करून टाकलंय हे मात्र आज जाम खटकलं (परवाच बावन्न पूर्ण झाली मला, त्यामुळे असेल). आणि त्या गोष्ट सांगणाऱ्या जो गिलिसची बडबड जरा जास्तच आहे, बरं, मान्य. पुढे.

नॉर्मा स्टुडिओत जाते तो सीन आठवतोय ना? तिला वाटतं दिग्दर्शक डिमिलनेच बोलावलंय, पण फोन आलेले असतात तिच्या जुन्या गाडीसाठी, भाड्याने हवी म्हणून. वर बसलेला म्हातारा लाइटवाला तिला ओळखतो आणि दिवा तिच्यावर वळवतो. जुने लोक भोवती जमतात. मग डिमिल तो दिवा परत जागच्या जागी फिरवायला लावतो. गाडीचं मात्र तिला कुणीच सांगत नाही. मी तिथे नाक पुसत होते आणि मागे वेफर्सची पुडी वाजत होती.

आणि तिला रोज येणारी चाहत्यांची पत्रं. ती सगळी मॅक्सच लिहीत असतो. हे कळतं तिथे मला दर वेळी बाबा आठवतात.

त्या शनिवारी बाबा कामावरून उशिरा आले. आईने झालेलं सांगितलं. मला ओरडले नाहीत, काहीच नाही, काढलेल्या चपला परत घातल्या आणि खाली मावशींकडे गेले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"मावशी, येताना मित्राकडे टेकलो होतो, त्याच्याकडे टीव्ही चालू होता. तुम्ही दिसलात हो. अगदी शेवटी. आमच्या कार्ट्यांचं लक्ष नसेल."

मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "साडी कुठली होती हो अंगावर?"

"हिरवी," बाबा म्हणाले.

सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट.

"हो, हिरवीच होती ती," मावशी म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."