चुकलं की पहिल्यापासून? प्लीज मुलांना असं बसवू नका

गेले पंधरा दिवस एक रील आमच्या तबल्याच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतीये, तिघांनी टाकली, दोघांनी मला पर्सनलवरही पाठवली की ताई, हे बरोबर आहे ना. त्यात म्हटलंय की रियाजात एक जरी चूक झाली तरी तिथेच थांबा आणि पहिल्यापासून सुरू करा, कारण हाताला चूक लक्षात राहते. असे 10,000 तास केले की हात चुकणारच नाही. आणि मोठे कलाकार स्टेजवर चुकत नाहीत, त्यामुळे जो चुकतो त्याने स्टेजवर चढूच नये. काही घरांत मुलांना खरंच असं बसवायला लागलेत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितीये, लांबलंय पण वाचा.

आधी ते पहिल्यापासून सुरू करणं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातच आहे. सगळ्यांना येणारा कायदा (तबल्याच्या बोलांची, म्हणजे अक्षरांची, ठरलेली मूळ रचना) घ्या, धाधा तेटे धाधा तूना, ताता तेटे धाधा धिना. मूळ कायदा छान वाजला, दुगुन म्हणजे दुप्पट लय झाली, दोन पलटे (तेच बोल फिरवून केलेले प्रकार) गेले आणि तिसऱ्या पलट्यात तेटे लागोपाठ येतात तिथे बोट अडकलं. आता पोरगं परत मूळ कायद्यापासून सुरू करतं, म्हणजे जे आधीच येतंय तेच परत वाजवतं, आणि अडलेल्या जागेपर्यंत पोचेस्तोवर हात दमलेला असतो, लक्ष उडालेलं असतं, परत तिथेच अडकतं. अर्ध्या तासाने बघाल तर मूळ कायदा तीस वेळा झालाय आणि अडलेली जागा जेमतेम पाच-सहा वेळा, तीही चुकीचीच.

त्यापेक्षा तेवढाच तुकडा उचला. ठाय लयीत, अगदी कंटाळा येईल इतकं हळू वाजवायला सांगा आणि बोटांकडे बघा, टे तर्जनीने पडतंय का मधलंच बोट परत पडतंय? नव्वद टक्के वेळा माझ्या मुलांचं तिथेच असतं. ते सुटलं की आधीचा एक बोल जोडा, मग पुढचा एक, मग पूर्ण पलटा, आणि लय सगळ्यात शेवटी वाढवा. खूपदा चूक ऐकू येते एका बोलावर आणि तिचं कारण असतं आधीच्या बोलात, हात चुकीच्या जागी उचललेला असतो, म्हणून जोडून बघणं महत्त्वाचं.

हाताला चूक लक्षात राहते हे मात्र खरंय, मी ते नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय पहिल्यापासून सुरू करणं नाहीये, चुकीचं परत परत वाजू न देणं हा आहे. 2009 साली टेक्सासच्या युनिव्हर्सिटीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पियानो शिकणारे 17 विद्यार्थी, त्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या एका रचनेतला फक्त तीन मेझर्सचा, म्हणजे अगदी छोटा तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी परत वाजवून घेतला. कोण किती वेळ बसला, किती वेळा वाजवलं यावरून नंबर ठरलाच नाही. जे वरचे आले तेही सुरुवातीला चुकत होते, पण चूक नेमकी कुठे आणि कशाने होतीये ते शोधून, लय कमी करून ती तिथल्या तिथे सोडवत होते, त्यामुळे त्यांचं चुकीचं वाजवणं कमी झालं. रील बनवणाऱ्याने हे वाचलं असतं तर बरं झालं असतं असं मनापासून वाटतं.

10,000 तासांचं थोडक्यात सांगते. मूळ अभ्यास मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सनचा, 1993 चा, बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा, आणि तो आकडा त्यातल्या सगळ्यात चांगल्या गटाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या रियाजाची सरासरी होती. 2008 मध्ये लेखक माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकामुळे त्याचा नियम झाला, आणि एरिक्सननेच नंतर सांगितलं की याचा अर्थ चुकीचा घेतला गेलाय.

आता स्टेज. मोठे चुकत नाहीत? अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड 1960 मध्ये बर्लिनला हजारो लोकांसमोर मॅक द नाइफ गाताना मधेच शब्द विसरली. थांबली नाही, तालात राहून तिथल्या तिथे शब्द रचत गेली, आपण शब्द विसरलोय हेसुद्धा गाण्यातच गायली. त्याच रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडेही मैफलीत गवयाची सम (तालाची पहिली मात्रा) हुकली की तबलजी ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल) स्वच्छ करतो, बोल भरत बसत नाही, गवई दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, परत येतो. सांभाळून घेणं म्हणतो आपण त्याला, आणि ते शिकावं लागतं.

माझी एक विद्यार्थिनी कार्यक्रमात तीनतालाची (16 मात्रांचा ताल) तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, वाजवत होती. पाच मात्रांचा बोल, मधे एक मात्रा दम म्हणजे थांबणं, असं तीनदा, समेपासून उचललं की 17 व्या मात्रेला म्हणजे बरोबर समेवर धा. तिने घाईत एक दम गाळला, धा सोळाव्या मात्रेला पडला, आणि तिने हात मांडीवर ठेवले. पेटीवर लेहरा (तबल्याला साथ म्हणून सतत फिरणारी धून) चालू, ही रडवेली. घरी तिला चुकलं की थांब हेच शिकवलेलं, मग हाताने तेच केलं ना! लेहरा ऐकून ठेका धरला असता तर पुढच्या समेला ती परत आत होती.

तेव्हापासून मी रियाजाचे दोन भाग केलेत. एक तुकडे सोडवायचा, त्यात हवं तितकं थांबा. दुसरा दहा मिनिटांचा, लेहरा लावून, त्यात थांबायचं नाही, काहीही होऊ दे, बोल सुटला तर ठेक्यावर या आणि सम पकडा. तिहाई मी मुद्दाम चुकवायला लावते आणि मग परत यायला सांगते.

रीलमधलं ते स्टेजवर चढू नये वाक्य ऐकून अकरा वर्षांचा एक मुलगा गणपतीत वाजवणार नाही म्हणतोय. त्याला या रविवारी बोलावलंय, कायदा नाही, काही नाही, नुसता लेहऱ्यावर ठेका धरायला.